डाव्या हाताचं धनुष्य

माझं पहिलं धनुष्य मी पन्नाशी ओलांडल्यावर घेतलं, आणि तेही मेलेल्या बहिणीच्या नावानं. हे एकदा ऑफिसात बोलून बसले तेव्हा समोरच्या टेबलावरच्या बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि मला रजा टाकायचा सल्ला दिला. सल्ले द्यायला लोकांचं काय जातं? म्हणून आधी घरातली हकीकत सांगते.

घरात आम्ही दोघी, आई आणि मी. महाराष्ट्राबाहेरच्या या शहरातल्या जुन्या मराठी वस्तीत, तात्यापाऱ्यात, दुकानांच्या मागच्या बाजूला दोन खोल्या आणि फरशीचं अंगण. वडील रेल्वेत होते, त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. ताई लग्न होऊन नागपूरला गेली. मी लग्न केलं नाही. सरकारी नोकरी धरली आणि आईजवळ राहिले. दोन वर्षांपूर्वी ताई काविळीनं गेली. आईचं विसरणं तेव्हा सुरू झालं होतं, पण एवढं कळण्याइतकी ती शाबूत होती. विहारात ताईच्या जलदानविधीच्या दिवशी ती भिंतीला टेकून बसली होती आणि येईल त्याला सांगत होती, "माह्याआधी गेली वो. माह्याआधी." पुढे विसरणं वाढत गेलं आणि त्यात एके दिवशी ताईचं मरणही वाहून गेलं.

"मोठी कुठी हाय?" असं तिनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. ती ऊर बडवून रडली. संध्याकाळी पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच रडणं. तिच्यासाठी ताई दर खेपेला त्याच क्षणी मरत होती. असं आठवडाभर चाललं आणि मी खरं बोलायची हौस सोडली. आमच्या घरात रोज पंचशील म्हणतात. त्यातलं खोटं न बोलण्याचं शील मी सकाळ-संध्याकाळ मोडू लागले आणि वंदनेच्या वेळी तेवढ्या ओळीला आवाज बारीक करू लागले.

मग मे महिन्यातली एक दुपार. सुट्टी होती, मी नुकतंच डोकं धुतलं होतं. नागपूरहून ताईच्या साड्या आल्या होत्या, त्यातली एक सहज गुंडाळली होती. कूलर घरघरत होता. आईनं खाटेवरून मान वर केली आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"आली काय मोठे?"

मी मागे वळून पाहिलं. माझ्या मागे कुणीच नव्हतं, दार होतं आणि दारात ऊन.

"हव," मी म्हणाले, "आली."

त्या दिवसापासून मी घरात ताई झाले. वाटलं होतं, दोन-चार दिवसांचं नाटक आहे. पण आई मला माझ्या नावानं पुन्हा ओळखेचना. ताईच्या गोष्टी ती मला विचारायची आणि मी उत्तरं द्यायची. सासू कशी आहे, नागपूरला पाणी येतं का. "बाळंतपणात लय हाल झाले नं तुये?" तिनं एकदा विचारलं. मी हव म्हणाले, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्या ओटीपोटात खरंच दुखत होतं. मला मूल झालेलं नाही. मी भांग डावीकडून पाडायची, तो आता ताईसारखा मधोमध पडू लागला. बोलायच्या आधी घसा खाकरायची तिची सवय माझ्या घशात येऊन बसली. शेजारच्या काकू एकदा फाटकातून डोकावल्या आणि "अगं बाई" म्हणून आल्या पावली परत गेल्या. भुतांवर आमच्या घरात कुणाचा विश्वास नाही, वडिलांनी तो ठेवूच दिला नव्हता. पण भूत होण्यासाठी मरावंच लागतं असं नाही, एवढं मला त्या उन्हाळ्यात कळलं.

सगळ्यात जड जायचं ते आईचं गाऱ्हाणं. माझं गाऱ्हाणं ती माझ्याचपाशी करायची.

"लहानीची काही खबर नाही वो. नोकरी लागली तशी सायबीण झाली. मायले पुसत नाही."

"कामं असतील तिले," मी म्हणायची.

"कामं साऱ्यायलेच असतात."

तिच्या तोंडात भाताचा घास मीच देत असायची. रोज आंघोळ घालणारी मी, गोळ्या देणारी मी, रात्री उशाशी बसणारी मी, आणि पोरगी म्हणून नाव नागपूरवालीचं. मला ताईचा राग यायचा. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही ही मोठी अडचण आहे. ती जिवंत असती तर मी सरळ फोन लावून म्हटलं असतं, ये आणि सांभाळ आपली आई. आईनं एकदा तरी मला मी म्हणून ओळखावं, एकदा तरी लहाने म्हणून हाक मारावी, एवढंच मला हवं होतं.

धनुष्य यात कसं आलं, तर आईनंच आणलं. ताई शाळेत असताना तिरंदाजी करायची. वडील तिला सायकलवर बसवून मैदानावर न्यायचे, मी मागून बाण गोळा करायला. बांबूचं धनुष्य होतं, मुठीला लाल दोरा गुंडाळलेला. लग्नानंतर ते माळ्यावर पडलं आणि त्याला वाळवी लागली. आईला वाळवी आठवत नव्हती, धनुष्य आठवत होतं. "तुयं धनुष्य कुठी ठेवलं? सराव बंद केला काय? बाबा रागावतील नं." रोज दुपारी ती शोधायला उठायची. खाटेखाली, कपाटामागे, एकदा तर पाण्याच्या ड्रमात. मी ऑफिसात असताना तिच्याजवळ बसणारी बाई संध्याकाळी दारातच सांगायची, "दीदी, दाई आज फेर खोजत रहिस," म्हणजे आई आज पुन्हा शोधत होती. एकदा आई स्टुलावर चढलेली सापडली. त्या रविवारी मी ठरवलं, आणायचं एक धनुष्य आणि ठेवायचं तिच्यासमोर.

अभनपूरच्या रस्त्याला शहर संपतं तिथे एका मैदानावर एक मुलगी तिरंदाजी शिकवते आणि धनुष्यंही विकते. तिशीची असेल, ट्रॅकसूट, केस घट्ट बांधलेले. तिचं मराठी आडनाव ऐकून मी मराठीत सुरुवात केली.

"समझ में सब आता है आंटी, बोलने में अटक जाती हूँ," ती म्हणाली.

"आंटी नको. दीदी म्हण."

शेडमध्ये बांबूची धनुष्यं ओळीनं टांगली होती. साडीच्या दुकानात बोट दाखवावं तसं मी बोट दाखवलं. "ते, लाल मुठीचं." मला काय, ताईच्या धनुष्यासारखं दिसलं की झालं.

"दीदी, किसके लिए ले रही हैं?"

"बहिणीसाठी."

"तो उनको लाना पड़ेगा. जिसको चलाना है, उसी के हाथ से देखते हैं."

"तिला आणता येणार नाही. माझ्याएवढीच होती."

त्या 'होती'वर मुलीनं लाल मुठीचं धनुष्य खुंटीवरून काढून माझ्या हातात दिलं. म्हणाली, ठीक है, तुमच्याच हातानं पाहू.

मला वाटायचं, धनुष्याचं वजन म्हणजे ते हातात किती जड लागतं ते. तसं नसतं. दोरी पूर्ण ओढायला किती जोर लागतो, ते त्याचं वजन. लाल मुठीच्या धनुष्याचं वजन बरंच होतं. मी डाव्या हातात धनुष्य धरलं, उजव्या हातानं दोरी ओढली, ताई ओढायची तशी. खांदा थरथरला. बाण मातीत घुसला आणि दोरीचा फटका हाताच्या आतल्या बाजूला असा बसला की डोळ्यांत पाणी आलं. दुसरा बाण शेजारच्या निशाण्याकडे गेला. तिसरा सापडलाच नाही.

मुलगी हसली नाही. तिनं मला दोन्ही हात पुढे करून तळव्यांच्या मध्ये छोटं भोक करायला सांगितलं. त्या भोकातून निशाण्याचं पिवळं वर्तुळ पाहायचं आणि हात हळूहळू चेहऱ्याकडे आणायचे. माझे हात आपसूक डाव्या डोळ्यावर आले. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा डावाच.

"आप तो लेफ्टी हो दीदी. आपको बाएँ हाथ से खींचना है. इतने साल पता नहीं चला?"

पता होता. मी जन्माची डावरी. आईनं जेवताना, लिहिताना, कुणाच्या घरी खाऊला हात पुढे करताना माझ्या डाव्या हातावर लाटणं मारून मारून तो हात शिस्तीत आणला होता. आता मी उजव्या हातानं जेवते आणि उजव्या हातानं सह्या करते. एकटी असले की झाडू मात्र अजून डाव्या हातात येतो.

तिच्याकडे डाव्या हातानं ओढायचं धनुष्य एकच होतं. साधं पिवळं, मुठीला काळं कापड, वजनाला हलकं. ते मी उजव्या हातात धरलं, डाव्या हातानं दोरी ओढली आणि अंग आपोआप सरळ झालं. काही ढकलावं लागलं नाही, काही आठवावं लागलं नाही. बाण सुटला आणि निशाण्याच्या खालच्या कडेला जाऊन लागला. फार काही थोर नेम नव्हता तो. पण कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मी असं काही केलं होतं जे ताईनं कधीच केलं नव्हतं. मला वेड्यासारखं हसू आलं.

मग घ्यायचं कोणतं? ज्या कामासाठी आले होते त्याला लाल मुठीचं हवं होतं. आईच्या समोर ते ठेवलं असतं, तिचं शोधणं थांबलं असतं. मी लाल मूठ हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले. ते छान दिसत होतं, आणि ते माझं नव्हतं. माझ्या घरात आता साडी ताईची, भांग ताईचा, आवाज ताईचा. मी ते खुंटीला परत लावलं आणि काळ्या मुठीचं घेतलं. आईला कुठे एवढं दिसतंय, अशी मनाची समजूत घातली.

निघताना मुलीनं दोन गोष्टी बजावल्या. काम झालं की दोरी उतरवून ठेवायची. आणि बाण लावल्याशिवाय ओढलेली दोरी कधीही सोडायची नाही, सगळा जोर धनुष्याच्याच अंगावर येतो आणि ते फुटतं. घरी ओढून पाहायचंच असेल तर दोरी धरूनच हळूहळू परत आणायची.

घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. आई अंगणात खुर्चीवर बसली होती. धनुष्य पाहून तिनं टाळी वाजवली.

"सापडलं काय मोठे? म्या म्हनलं होतं नं, घरातच असन." तिनं त्यावरून हात फिरवला, मूठ चाचपली. रंगाबद्दल काही बोलली नाही. "ओढून दाखव."

मी दोरी चढवली, अंगणाच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि सावकाश ओढली. दोरी हनुवटीपाशी आली. आईचं हसू मावळलं. तिच्या कपाळावर एक जुनी आठी पडली, जी मी लहानपणी रोज पाहायची आणि घाबरायची.

"डाव्या हातानं नोको वो लहाने!"

दोरी सोडता येत नव्हती आणि धरवत नव्हती. मी ती इंच इंच करत परत आणली आणि धनुष्य खाली ठेवलं.

"काय म्हणाली आई?"

"किती खेपा सांगतलं तुले. आयकतच नाही पोट्टी." मग तिनं दोन्ही हात पुढे केले. "केव्हा आली? इकडे ये. वाळून गेली वो. डबा नेत नाही काय?"

मी तिच्या पायांशी बसले आणि मांडीवर डोकं ठेवलं. मी रडले, भरपूर रडले. "मी रोज इथंच असतो आई," मी म्हणाले, "रोज." ती हव, हव म्हणत माझे केस विंचरल्यासारखी बोटं फिरवत राहिली. मला इतका आनंद झाला होता की त्याची लाज वाटत होती.

थोड्या वेळानं तिची बोटं थांबली. ती माझ्या डोक्यावरून दाराकडे पाहत होती.

"मोठीले बोलाव. आता इथंच उभी होती. तिले सांग, लहानी आली."

मी मान वर केली नाही. आता मी मीच होते, आणि ताई गेल्याचं सांगायचं तर ते मलाच सांगावं लागणार होतं. सांगितलं असतं तर ती लहानीच्या गळ्यात पडून रडली असती. मला माझी आई मिळाली असती, निदान झोपेपर्यंत.

"बोलाव नं," ती म्हणाली. "कवा दोघी एका जागी दिसत नाही तुम्ही."

"बोलावतो," मी म्हणाले आणि उठून घरात गेले.

धनुष्याची दोरी उतरवली. तोंड धुतलं. आरशासमोर उभी राहून मधोमध भांग पाडला. चहा टाकला, कपात ओतला आणि घसा खाकरून बाहेर आले. आई वाटच पाहत होती, चेहरा फुललेला.

"मोठे, लहानी आली होती! भेटली काय?"

"हव. भेटली."

"वाळून गेली वो. एकटीच राहते नं बिचारी." तिनं चहावर फुंकर मारली आणि कप तसाच ओठांपाशी धरून माझ्याकडे पाहिलं. "तू तं आता नागपूरले चालली जाशीन. मी बी किती दिवसाची. मंग तिले कोन पाहीन?"

"मी पाहीन तिले, आई."