साखळी ओढणाऱ्याचा नकाशा

बहिरू काळू भोये यांनी एकतीस वर्षं जमीन मोजली, असं कुणी म्हटलं की ते आधी हात जोडायचे. "मोजली सायबांनी. मी साखळी वढली," म्हणायचे. ते खरंही होतं. मोजणीच्या कचेरीत ते साखळी ओढणारे शिपाई. तेहतीस फुटांची लोखंडी साखळी खांद्यावर टाकून पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांतून आणि दिंडोरीच्या मळ्यांतून ते चालले. एक टोक धरून पुढे जायचं, ताणून धरायचं, ओरडून आकडा सांगायचा. साहेब तीन पायांचा फळा झाडाखाली मांडून कागदावर रेघ मारायचे. नकाशा पुरा झाला की खाली साहेबांची सही, तिच्याखाली मोठ्या साहेबांची सही आणि वर गोल शिक्का. नावांची एवढी दाटी, पण काटे ज्याच्या टाचेत मोडले त्याचं नाव त्या कागदावर कुठेही नसायचं.

त्याचं बहिरूंना वाईट वाटायचं. तसं ते कुणाला बोलून दाखवत नसत, फक्त बायकोला, बयाबाईंना, एकदा सांगून टाकलं होतं. मरायच्या आधी एक नकाशा असा काढायचा की त्याच्यावर आपलं नाव असेल. बयाबाई चुलीपुढे होत्या. "कशाचा काढनार? आपली जिमीन दोन टोपल्यांत मावती," त्या म्हणाल्या, आणि विषय तिथेच मिटला.

निवृत्त झाले तोवर दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिलेला होता. मुलगा महेश त्यांना आणि बयाबाईंना नाशिक रोडला घेऊन आला. त्याचं कॉलनीत तळमजल्यावर दुकान होतं, सहा कॉम्प्युटरचं. सकाळी फॉर्म भरणं आणि टायपिंग, संध्याकाळी गेम. महेश दिवसभर लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करत गावभर हिंडायचा आणि दुकान त्याची बायको ज्योत्स्ना चालवायची. ती खमकी होती. दोन तासांच्या वर कुणी बसला की मागे जाऊन नुसती उभी राहायची, एवढ्यानेच माणूस उठायचा. सासऱ्यांसाठी तिने दाराशी गादीची खुर्ची ठेवली. दुकानात सगळे त्यांना आबा म्हणू लागले. एकतीस वर्षं डोंगर तुडवलेला माणूस आता कोपऱ्यावरच्या पानटपरीपर्यंत जाऊन येतो आणि त्याचंही कौतुक होतं, याची आबांना मनातून लाज वाटायची.

दोन हजार तीनच्या दिवाळीत ललित तो गेम घेऊन आला. ललित ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होता, लग्न झालेला, तरी ड्यूटी सुटली की घरी जायच्या आधी तासभर दुकानात डोकावणारा. चार सीड्या, कागदी पाकिटात, वर पेनाने एक ते चार आकडे. मुंबईहून कुणीतरी कुणाकडून तरी उतरवून आणलेल्या. "लय मोठा गेम आहे वहिनी," तो ज्योत्स्नाला म्हणाला. "म्हणजे अख्खा मुलूखच आहे आत."

पहिल्या आठवड्यात दुकानात त्या गेमबद्दल जे बोललं गेलं ते ऐकलं असतं तर बनवणाऱ्याने धंदा बदलला असता. आजवरच्या गेममध्ये रस्ता ठरलेला असायचा. मारत पुढे जा, दरवाजा उघडेल, पुढची पायरी. इथे एक होडी येऊन किनाऱ्याला लागायची, एक म्हातारा हातात काठी द्यायचा आणि निघून जायचा. बास. पुढे टेकड्या, ओढे, शेतं, गावं, लांब निळे डोंगर, आणि वर कोपऱ्यात एक होकायंत्र. ललितचा तिसऱ्याच दिवशी भ्रमनिरास झाला. "तीन दिवस झाले, एक शत्रू नाही. नुसती झाडं. झाडं बघायला मी ओझरहून येतो का?" वेदिका म्हणून एक मुलगी यायची, तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला, बोलायला फटकळ. ती म्हणाली, "पाटी नाही, बाण नाही, कुठे जायचं ते कुणी सांगत नाही. आमच्या कॉलेजसारखंच आहे." एकजण जंगलात शिरला तो चार दिवस बाहेरच पडला नाही, आणि कंटाळून पुन्हा गाड्यांच्या शर्यतीकडे वळला. विकतच्या डब्यात म्हणे कागदाचा मोठा नकाशा असतो. पण आपल्याकडे डबा आलाच नव्हता, चार सीड्या तेवढ्या आल्या होत्या.

आबा खुर्चीतून हे सगळं बघत होते. एकदा ललित कंटाळून खुर्ची मागे सारत होता तेव्हा त्यांनी विचारलं, "तो लांबचा डोंगर हाय ना, तिथं जाता येतं का नुसतं चित्तर हाय?"

"जाता येतं की. पण कशाला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान रिकामं असताना ते चार नंबरच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसले आणि सुनेला म्हणाले, "पुढं चालायचं बटन कंचं?"

ज्योत्स्नाने दाखवलं. आबा चालू लागले. ओढा ओलांडला, चढ लागला, चढले, आणि माथ्यावर उभं राहून खाली बघितलं तर समुद्र, होडी आणि तळहाताएवढं गाव. गुडघा एकदाही कुरकुरला नाही. आबांना इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आणि सुनेने बघू नये म्हणून त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

त्यांची खेळायची रीत बघून वेदिका पोट धरून हसायची. गेममध्ये कुणाच्याही घरात घुसून पेटी उघडता यायची, सगळे तेच करायचे. आबा उंबऱ्याशी थांबायचे. "मालक नाय ना घरात," म्हणायचे. उभ्या पिकातून कधी गेले नाहीत, बांधाबांधाने वळसा घालून जायचे. गाव सोडून पुढे जायला त्यांना अकरा दिवस लागले, कारण ते मोजत होते. तेरा पावलं म्हणजे एक साखळी, असा हिशेब त्यांनी बसवला. बटण दाबायचं, पावलं मोजायची, होकायंत्र बघायचं आणि मांडीवरच्या वहीत टिपण करायचं. संध्याकाळी घरी जमिनीवर कागद जोडून, पेन्सिलीने, त्यावरून नकाशा. डोंगराच्या रेघा, ओढ्याची वळणं, झाडासाठी झाड, विहिरीसाठी गोल. सगळं सरकारी पद्धतीने, कारण दुसरी पद्धत त्यांना माहीतच नव्हती.

तो अर्धामुर्धा नकाशा ज्योत्स्नाने दुकानाच्या भिंतीला चिकटवला आणि गेमचं नशीब पालटलं. जंगलात हरवलेला तो माणूस परत आला. ललितला त्याचे शत्रू सापडले, ते उत्तरेच्या खिंडीत दडलेले होते. पोस्टातले लोक, प्रेसमधले लोक, कुणी कुणी येऊन नकाशासमोर उभे राहायचे आणि विचारायचे, "आबा, पडक्या किल्ल्याला कुठून?" आबा खुर्चीतून काठीने दाखवायचे. ज्या माणसाला साहेबांनी कधी 'अरे'शिवाय हाक मारली नाही, त्याला आता लोक रस्ता विचारत होते.

"आबा, खाली नाव लिहा ना," ज्योत्स्ना म्हणाली.

"पुरा होऊ दे. आर्ध्या नकाशावर नाव घालत नसतात."

होळीच्या सुमाराला तो पुरा झाला. पूर्वेला डोंगरांच्या पोटात एक बोळ होता आणि बोळाच्या तोंडाशी तीन उभे दगड. त्यांवर सूर्य, चंद्र आणि एक जनावर कोरलेलं. आबांनी ते दगड बघितले आणि बटणावरचा हात काढून नमस्कार केला. त्यांच्या गावाकडे शिवेवर वाघदेव असतो, तो असाच. उभा दगड, वर वाघ, सूर्य, चंद्र. दिवाळीतल्या वाघबारशीला त्याला नारळ फोडायचा. तिथे गावाची हद्द संपते, आणि त्या दगडाला हात लावायचा तो फक्त पाया पडायला. आबांनी नकाशात तिथे तीन ठिपके दिले आणि लिहिलं, 'शीव. येथे मुलूख संपला. दगड हलवू नये.' मग काळ्या शाईने सगळ्या रेघा पक्क्या केल्या आणि उजव्या कोपऱ्यात लिहिलं, 'मोजणी : बहिरू काळू भोये.' त्या दिवशी बयाबाईंनी पुरणाचे मांडे केले आणि महेशने दुकानात पेढे वाटले.

दुकानातल्या कुणीही त्या दगडांना हात लावला नाही. आबांनी लिहिलंय म्हटल्यावर विषय संपला. एप्रिलात मात्र वेदिका अभ्यासाला कंटाळून एका दुपारी येऊन बसली आणि तिला राहवलं नाही. तिने सूर्याचा दगड ढकलला. तो फिरला. मग चंद्राचा, मग जनावराचा. समोरची दरड सरकली आणि पलीकडे जो मुलूख पसरला होता त्यापुढे आबांचा सगळा नकाशा म्हणजे अंगण होतं.

आता हे आबांना सांगायचं कुणी? ललित म्हणाला, नकोच सांगायला. ज्योत्स्ना म्हणाली, सांगायलाच हवं, पण मी नाही. आठ दिवस सगळे सहा नंबरच्या कॉम्प्युटरवर, पडदा भिंतीकडे वळवून, पलीकडचा मुलूख खेळत होते. आबा आले की वेदिका घाईने पुस्तक उघडायची. असली लपवाछपवी किती दिवस टिकणार? नवव्या दिवशी आबा पाणी प्यायला उठले आणि तिच्या मागेच उभे राहिले. पडद्यावर एक भलंमोठं तळं होतं, काठावर देऊळ.

"हे तळं माझ्या नकाशात नाय," आबा म्हणाले.

वेदिका म्हणाली, "आबा, मी दगड फिरवले. ते शिवेचे नव्हते. ते कुलूप होतं."

"वाघदेवाला फिरवलं?" आबांनी एवढंच विचारलं. मग काठी उचलली आणि घरी गेले.

तीन दिवस ते दुकानाकडे फिरकले नाहीत. बयाबाईंनी विचारलं तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. वेदिकाने दगड फिरवले याचा राग पहिल्याच संध्याकाळी निवला होता. त्यांना खात होतं ते वेगळंच. उभ्या जन्मात एका नकाशावर आपलं नाव लागलं आणि तोच चुकला. बरं, चुकला तो आपण न बघता थांबलो म्हणून. साहेब झाडाखालून उठत नाहीत म्हणून ज्याने एकतीस वर्षं मनात शिव्या घातल्या, तो स्वतः दगडापाशी पोचून पुढे गेला नाही. याची शरम त्यांना झोपू देईना. भिंतीवर तो कागद नावासकट लटकतोय, लोक अजून त्यावरून रस्ता शोधतायत, हे आठवलं की ते कूस बदलायचे.

चौथ्या दिवशी सकाळी ते दुकानात आले. नकाशा भिंतीवरून उतरवला, टेबलावर पसरला आणि लाल पेनाने सगळ्यांदेखत आपल्या नावावर आडवी रेघ मारली. वर लिहिलं, 'रद्द. फेरमोजणी करणे.' ज्योत्स्नाला रडू आलं. ललित म्हणाला, "अहो आबा, एवढं काय! गेम आहे."

"गेम तुला. मला मोजनी हाय," आबा म्हणाले. मग वेदिकाकडे वळले. "तू पुढं चल. किती लांब हाय ते?"

फार लांब होतं. एकट्याचं वर्ष गेलं असतं. म्हणून आबांनी दोघांना कामाला लावलं. वेदिका परीक्षा संपवून सहा नंबरवर बसू लागली, ललित ड्यूटीहून आला की दोन नंबरवर, आणि दोघे तेरा-तेरा पावलं मोजत, ओरडून आकडे सांगत तो मुलूख पालथा घालू लागले. आबा मधे टेबल टाकून टिपण घ्यायचे. कुणी पिकातून गेलं की ओरडायचे. "बांधानं जा! बांधानं!" ललितला शत्रू मारायचा मोह व्हायचा, तेव्हा वेदिकाच त्याला दटावायची की आधी साखळी पुरी कर. असा पावसाळा गेला, दसरा गेला. वाळवंट निघालं, बर्फाचे डोंगर निघाले आणि शेवटी चारही बाजूंनी समुद्र आला, तेव्हा कुठे आबांनी पेन्सिल खाली ठेवली.

नवा नकाशा भिंतीवर मावेना. ज्योत्स्नाने कॅलेंडरं उतरवली. तो लावला त्या संध्याकाळी बयाबाईही दुकानात आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात दोन ओळी होत्या, त्या त्यांनी सुनेकडून वाचून घेतल्या.

"वरच्या ओळीत आहे, साखळी : वेदिका, ललित. खालच्या ओळीत, मोजणी : बहिरू काळू भोये."

वेदिका आणि ललित दोघेही नकाशाजवळ सरकले. आपली नावं तिथे आहेत हे त्यांना आत्ताच कळत होतं. ललितने बोटाने आपलं नाव चाचपून बघितलं.

"तुमचं नाव खाली का?" बयाबाईंनी विचारलं.

"आदी चालनारा जातो. मंग कागुद व्हतो," आबा म्हणाले. "सरकारी नकाशात ती वळच नसती. मी घातली."

बयाबाईंनी वरच्या ओळीवर बोट टेकवलं. मग म्हणाल्या, "मंग तुमी काय बसून होता का? पयला मुलूख कोन चाललं?"

ज्योत्स्नाने पेन पुढे केलं. आबांनी ते घेतलं, चष्मा सारखा केला आणि वरच्या ओळीत, ललितच्या नावापुढे, आपलं नाव लिहिलं.