जाळं कामावर गेलं

प्रदर्शनाच्या दिवशी आमचे ग्रंथपाल सर सगळ्यात आधी एक काम करायचे. 'वस्तूंना हात लावू नये' ही मी मोठ्या अक्षरात लिहिलेली पाटी उचलायची आणि तोंड भिंतीकडे करून ठेवायची. मी ती सरळ करायची. चहा पिऊन येईस्तोवर पाटी पुन्हा भिंतीकडे बघत असायची.

"सर, वस्तू खराब होतील."

"हात नाही लावाचा त मंग पाहाले कायले बोलावलं जी मॅडम? टीव्हीवर दिसतेच न सारं."

तुम्ही कुठल्याही ऑफिसात दोन-चार वर्षं काढली असतील, तर असा एक माणूस तुम्हालाही भेटला असेल. त्याच्याशी भांडता येत नाही, कारण तो भांडतच नाही. "हो जी, हो जी" म्हणत सगळं ऐकून घेतो आणि करायचं ते करतो. पालथ्या घड्यावर पाणी.

विद्यापीठाच्या भंडाऱ्यातल्या उपकेंद्राचं ते ग्रंथालय. मी तिथे करारावर सहायक ग्रंथपाल. करार दरवर्षी जूनमध्ये वाढवून मिळायचा, मिळाला तर. प्रदर्शनं आणि सांस्कृतिक कार्यक्रम माझ्याकडे होते, आणि माझं वर्षभराचं काम म्हणून वरच्यांना तेवढंच दिसायचं. आमच्या घरी हातमाग होता. एक धागा तुटला तरी तो सांधल्याशिवाय बाबांचा धोटा हलायचा नाही. त्या घरात वाढल्यामुळे भिंतीवरची चौकट जरा वाकडी दिसली तरी मला घास गोड लागत नाही.

सरांना वाकडं-सरळ असं काही नव्हतंच. कोणीही काहीही घेऊन आलं की एकच, "राहू द्या न. त्यायचंही राहू द्या."

एकदा मी जुन्या शब्दकोशांचं प्रदर्शन मांडलं होतं. बाजारातले एक भांडेवाले काका आजोबांच्या वेळचं पितळी घंगाळ घेऊन आले. शब्दकोशांशी घंगाळाचा काय संबंध, हे मला आजही कळलेलं नाही. सरांनी ते बरोबर मधल्या टेबलावर ठेवलं. माझे शब्दकोश त्याच्यामागे दडले. दुपारी एका विद्यार्थिनीची आई आली, घंगाळावर डाग पाहून हळहळली, आणि नळावर नेऊन चिंचेनं घासत बसली. सर तिच्याशेजारी उभे राहून पाणी ओतत होते. मी कपाळावर हात मारला. त्या दिवशी लोक घंगाळ बघायला आले आणि जाताना शब्दकोशही चाळून गेले, हे खरं आहे. पण म्हणून काय मी टाळ्या वाजवायच्या होत्या?

आमच्याकडे दंडारीचा कार्यक्रम ठेवला तेव्हाही तेच. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं लोकनाट्य. मी वेळापत्रक केलं, अर्धा तास. सरांनी कलाकारांना सांगितलं, "तुमचं मन भरलं का थांबा." मन भरलं तेव्हा गेटावरचा वॉचमनसुद्धा झोपला होता.

मग आलं तलावांचं प्रदर्शन.

ही कल्पना माझी होती. आपल्या जिल्ह्यातले तलाव, त्यांवरची पुस्तकं, जुने नकाशे आणि मासेमारीची साधनं. त्या वर्षी विद्यापीठाची पाहणी समिती येणार होती आणि तिच्या अहवालावर माझा करार टांगलेला होता. महिनाभर मी गावोगाव फिरले. प्रत्येक वस्तूसाठी कार्ड लिहिलं, माझ्या हातानं, सुवाच्य. वस्तू कोणी केली, कशी वापरतात, तिला त्या घरात काय म्हणतात, सगळं त्यात होतं. मोहाडीकडच्या एका गावातल्या काकांनी त्यांचं फेकायचं जाळं दिलं. ते मी समोरच्या भिंतीवर पंख्यासारखं पसरून लावलं. खोटं कशाला सांगू, इतकं सुंदर काही मी त्याआधी मांडलं नव्हतं.

समिती यायच्या दिवशी सकाळी मी हॉलमध्ये शिरले, तर भिंत रिकामी. खिळे तेवढे होते.

"सर, जाळं?"

"काका घेऊन गेले जी."

"घेऊन गेले म्हणजे? आज समिती आहे."

"तलाव उतरला न मॅडम. सारं गाव आज पाण्यात उतरून राहिलं. जाळं त्यायचं. नाही कसा म्हनू?"

मी रडायच्या बेतात होते. सरांना ते दिसलं असावं, कारण त्यांनी स्कूटर काढली. म्हणाले, चला, आणू. आम्ही तलावावर पोचलो. गुडघाभर पाण्यात पंधरा-वीस माणसं, पोरं, बाया. काका मधोमध, हातात माझं जाळं. आता सर हाक मारतील, मग मारतील, म्हणून मी वाट पाहत राहिले. सर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उकिडवे बसले आणि कोणता मासा किती सापडला याची चौकशी करू लागले.

"सर, मागा ना."

"पाण्यात हाये जी ते," सर हळू आवाजात म्हणाले. "पाण्यातलं जाळं मांगत नाही कोनी."

आम्ही रिकाम्या हातांनी परत आलो. दारात समितीची गाडी उभी.

अध्यक्षबाईंनी रिकामी भिंत पाहिली, खालचं कार्ड पाहिलं आणि विचारलं, "इथे काय होतं?"

सर म्हणाले, "जाळं कामावर गेलं जी."

बाई हसल्या. मी मनात म्हटलं, वाचलो. तेवढ्यात सर पुढे म्हणाले, "पाहाचं का तुमाले? जवळच हाये." आणि अख्खी समिती गाडीत बसवून तलावावर घेऊन गेले. तिथे त्यांना मासे दाखवले, भाजून खाऊ घातले. संध्याकाळ झाली आणि समिती तिकडूनच परत गेली. माझा हॉल, माझे नकाशे, माझी कार्डं कोणी पाहिलीच नाहीत.

अहवाल आला. सरांच्या लोकसंपर्काचं कौतुक होतं. प्रदर्शनाबद्दल एकच ओळ, वेळेअभावी पाहता आले नाही. काम पाहिलं नाही म्हणून मत नाही, आणि मत नाही म्हणून करार नाही. माझी फाईल तिथेच थांबली.

मी सरांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि जे मनात होतं ते बोलून टाकलं. "तुमची पेन्शन पक्की आहे, सर. जूननंतर मी कुठं जाऊ?"

सर "हो जी" म्हणाले नाहीत. म्हणाले, "बराबर हाये तुमचं."

दुसऱ्या दिवशी बघते तर महाशय माझी कार्डं गोळा करताहेत.

"हे काय करताय?"

"त्यायनं पाहिलं नाही त आता दाखवावं लागन न."

"सर, कृपा करा. माझं आधीच हसं झालंय."

"हो जी, हो जी," सर म्हणाले आणि कार्डं पिशवीत घातली. जाताना काकांकडून जाळंही घेतलं. विद्यापीठाचं मुख्य कार्यालय बसनं दोन तासांवर. ते वास मारणारं जाळं मांडीवर घेऊन हा माणूस एसटीत बसला. संध्याकाळी तिकडच्या एका ओळखीच्या बाईंचा मला फोन. "अगं, तुमच्या सरांनी कुलसचिवांच्या दाराबाहेरच्या बाकावर दुकान मांडलंय. येईल त्याला म्हणतात, हात लावून पाहा." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

आठवड्यातून दोनदा सर तिकडे जायचे. सामान तिथल्या शिपायाच्या हवाली करून यायचे. मी विचारलं, काय झालं? तर म्हणायचे, "बसून आलो." मी चिडायची, ते ऐकून घ्यायचे. शेवटी मी विचारणं सोडलं. बोलणंही जवळजवळ सोडलं. ते रोज सकाळी "या मॅडम" म्हणायचे, मी मान हलवायची.

मे महिन्यात एका रविवारी सर लाखांदूरकडे आपल्या गावी गेले. सोमवारी फोन आला की सर गेले. अंगणात बसल्या बसल्या छातीत कळ आली, बस इतकंच. मी एसटीनं गेले, त्यांच्या बायकोजवळ बसले. सरांवर मी रागावलेले होते आणि तो राग आता कुठं नेऊन ठेवायचा ते मला समजत नव्हतं.

शुक्रवारी मला मुख्य कार्यालयात बोलावलं. करारांच्या फायली बघणाऱ्या साहेबांनी कागद पुढे केला, मुदत वाढवलेली. म्हणाले, "कार्डं चांगली लिहिलीत हो. सगळी वाचली. तुमच्या सरांनी बाकावर बसायला जागाच ठेवली नव्हती, मग उभ्या उभ्या काय करणार?"

सर गेल्याचं त्यांना कळलेलंच नव्हतं. मी सही केली आणि बाहेर आले.

बाकावर माझी कार्डं ओळीनं लावलेली होती. बहुतेक सगळी वाकडी. जाळ्याच्या घड्या पडल्या होत्या. एक कारकून जाता जाता थांबला, जाळ्याच्या कडेचा एक मणी बोटांनी फिरवून पाहिला आणि पुढे गेला. मी कार्डं उचलायला हात पुढे केला, तर शिपाई लगबगीनं आला.

"मॅडम, उचलू नका. सरांना विचारल्याशिवाय मी कोणाला देत नाही." मग मला दमलेली पाहून त्यानं जाळं जरा बाजूला सरकवलं, एका माणसापुरती जागा केली. "बसा. बुधवारी आले नाहीत, म्हणजे आज येतीलच ते."

कराराचा कागद माझ्या हातात होता आणि तो दाखवायचा होता एकाच माणसाला. मी त्या जागेवर बसले.