अनंताच्या कळ्या

वरशाला, या छोट्याशा गावात, घर बांधलं तेव्हा आईनं पेणहून अनंताची मुळं फुटलेली फांदी आणली आणि स्वतःच्या हातानं अंगणात लावून दिली. माहेरच्या परसातला अनंत बारा महिने हिरवागार असायचा, आणि उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांनी भरून जायचा. ही फांदीही जोमानं वाढली. दोन वर्षांत कळ्या धरल्या, पण फूल काही दिसेना.

मी सकाळी पेणला नोकरीवर जायची ती दिवेलागणीलाच परत यायची; रविवारीही माहेरी पेणलाच असायची. माझ्यामागे झाडांना पाणी घालायच्या त्या शेजारच्या ताई. मूळच्या खाडीकडच्या, माझ्याहून बऱ्याच मोठ्या. या गावात मी कुणाला ओळखत नव्हते तेव्हा मला घरात बोलावून चहा पाजला तो त्यांनीच.

"कळ्या पिवळ्या पडून गळतात गो," त्या म्हणाल्या. "मी झाडून टाकते. माती बरी नाय तुझी."

मी माती बदलली. पुढच्या उन्हाळ्यात त्या म्हणाल्या, पाणी जास्त होतंय. मी पाणी तोडलं. मग म्हणाल्या, मुळाला कीड असेल. मी बुंध्याभोवती खणून मुळं उघडी केली, त्यात झाडाची एक बाजू वाळून गेली.

आई दर भेटीत हमखास विचारायची, "फुललं का गो?" मी नाही म्हटलं की विषय बदलायची. शेवटी शेवटी म्हणायला लागली, "माझ्याच हाताला आता गुण नाय राहिला." त्याच पावसाळ्यात ती गेली. दिवसकार्य आटपून परत आले तेव्हा तिचं हे बोलणं मी ताईंना सांगितलं. त्यांनी मला जवळ घेतलं. माझ्याबरोबर रडल्यासुद्धा.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा ऑफिस लवकर सुटलं, म्हणून घरी जाताना वाटेतल्या देवीच्या देवळात गेले. चपला काढतानाच ओळखीचा वास आला. देवीच्या पायाशी अनंताची ओंजळभर ताजी फुलं होती.

"कुठली हो ही?" मी गुरवांना विचारलं.

"आपल्या वरशाच्या ताई आणतात ना. दुपारी टपोऱ्या कळ्या आणून देतात, पाण्यात ठेवल्या की तासा-दोन तासांत उमलतात. दरसाल आणतात. त्यांच्या आईनं लावून दिलेलं झाड हाय. आई बिचारी आता नाय, म्हणून जपतात."

मी तशीच ताईंच्या दारात गेले. त्या ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या.

"ताई, माझ्या कळ्या गळतात ना?"

माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं. "देवीलाच वाहिल्या गो. घरात एक नाय ठेवली."

"मागितल्या असत्या तर रोज दिल्या असत्या. आणि माझी आई? तीही उचललीत?"

त्यांचे हात थांबले. "गुरवानं विचारलं, झाड कुणाचं. तोंडातून निघून गेलं. मग पुढं तेच सांगत गेले. माझ्या आयशीनं मला कधी काय लावून नाय दिलं."

दुसरं कुणी असतं तर मला कदाचित दया आली असती. पण या बाईनं मला मुळं खणायला लावली होती. आई स्वतःच्या हाताला दोष देत गेली, हे माहीत असूनही त्यांनी कळ्या खुडल्या होत्या.

"आई फुलं बघायला थांबली होती हो," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. उरलेल्या फांद्यांवर मोजक्याच कळ्या होत्या. संध्याकाळी त्यातली एक उमलली. ती खुडून आईच्या फोटोपुढे ठेवायची असं मी कितीदा मनात धरलं होतं, पण हात पुढे होईना. फूल झाडावरच राहिलं, पिवळं पडेपर्यंत.

आता झाडांना पाणी मीच घालते, कामावर निघायच्या आधी. ताई समोर दिसल्या की आम्ही दोघी मान हलवतो. चहाला त्या बोलवत नाहीत, मीही जात नाही.