यांचं वजन आणि ऑफिसचं ॲप

देवळातून येणारा प्रत्येक जण अंगाऱ्याची एक पुडी हातावर ठेवतो. ती टाकवत नाही, लावून संपत नाही, आणि देवघराचा खण भरत जातो. यांच्या ऑफिसातल्या डाएटच्या ॲपचे किस्से आमच्याकडे तसेच साठलेत. ऑफिस ठाण्याला, आम्ही डोंबिवलीला. यांच्या ऑफिसातले मित्र सावंत भावजी घरी परतताना आमच्याकडे चहाला थांबतात आणि एखादा किस्सा ठेवून जातात.

हसायला येतं, पण आतून नाही. यांना हर्निया आहे. कोपरीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, "आधी वजन उतरवा, मग ऑपरेशन." तोवर पोटाला पट्टा बांधून फिरायचं. म्हणून ऑफिसने ॲप आणलं तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती.

*

सुरुवात मीटिंग हॉलमध्ये झाली. एचआरच्या मॅडमनी जाड लोकांची नावं माईकवरून वाचली. एकेकाने उभं राहायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. प्रोत्साहन म्हणून.

"शाळेत फी थकली की असंच उभं करायचे," सावंत भावजी म्हणाले. "फक्त तेव्हा टाळ्या नसायच्या."

मग नियम कळले. दर जेवणाचा फोटो ॲपवर टाकायचा, खाली काय खाल्लं ते लिहायचं. ताट बरोबर असलं तर हिरवी खूण, चुकलं तर लाल. लाल फार झाल्या की महिनाअखेरीला पुन्हा नाव माईकवर.

यांनी त्या रात्री जेवताना मान वर केली नाही.

*

भावजींनी पहिल्याच दिवशी लिहिलं, ज्वारीची भाकरी. ॲपने विचारलं, किती कप?

"वहिनी, भाकरी कपात कशी मोजतात हो?"

दुसऱ्या दिवसापासून ते ब्राऊन ब्रेड लिहायला लागले. खातात भाकरीच.

"मी आपलं जेवतो," म्हणाले, "आणि त्याला त्याचं जेवण लिहून देतो."

*

फोन मधूनमधून सांगतो, उठा, जरा चाला. एकदा हे खरंच उठले. केबिनमधून साहेबांचा आवाज आला, "कुठे निघालात?"

"सर, ॲपने सांगितलंय."

"पगार ॲप देतं का?"

हे बसले. ॲप कंपनीचं आणि साहेबही कंपनीचेच.

*

यांच्या शेजारच्या टेबलावर कदम मॅडम असतात. पहाटे उठून घरातल्या सगळ्यांचे डबे करतात, मग कल्याणहून येतात. ॲपवर एक कोच मुलगी आहे, ती सगळ्यांना मेसेज पाठवते. तिने त्यांना लिहिलं, "मॅम, रोज थोडा वेळ फक्त स्वतःसाठी काढा."

कदम मॅडमनी विचारलं, "कुठून?"

उत्तरादाखल तिने फुलांचा गुच्छ पाठवला.

*

संकष्टीला हे माझ्याबरोबर उपवास करतात. चंद्र बघून जेवायचं. पण ॲपचं म्हणणं, रात्री आठनंतर जेवलात की लाल खूण. मी यांना म्हटलं, "अहो, त्या मुलीला नीट समजावून लिहा. बिचारीला माहीत नसेल." यांनी लिहिलं, की चंद्रोदय झाल्याशिवाय उपवास सुटत नाही.

तिचं लगेच उत्तर आलं. "नो प्रॉब्लेम सर, मग चंद्रोदय थोडा लवकर ठेवता येईल का?"

*

ऑपरेशन होईपर्यंत भात आणि गोड सोडायचं, असं व्रत मी धरलं. शेजारणी विचारायला लागल्या, बरं नाही का गं तुला? गळ्याची हाडं दिसायला लागलीत.

"वहिनी," भावजी म्हणाले, "वजन त्याचं आणि उपवास तुमचा? अहो, अशाने बारीक कोण होणार?"

मी म्हटलं, "देव हिशेब बरोबर लावतो."

भावजींनी कप खाली ठेवला आणि यांच्याकडे बघितलं. हे टीव्ही बघत होते.

*

परवा कोपरीला गेलो. यांना आता वाकून बूट घालता येत नाहीत, मीच घालते. पण मला खात्री होती, या वेळी तारीख मिळणार.

डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं. वजन मागच्यापेक्षा वाढलं होतं.

"असं कसं होईल, डॉक्टर?" मी यांचाच फोन त्यांच्यापुढे धरला. "बघा ना, सगळ्या खुणा हिरव्या आहेत."

डॉक्टर एकेक फोटो सरकवत गेले. मूदभर भात, त्यावर वरण, चमचाभर कोशिंबीर, एक छोटी पोळी. रोज तेवढंच, रोज त्याच छोट्या चांदीच्या ताटलीत. डॉक्टर थांबले, फोटो मोठा केला.

"वहिनी, रोज भातावर तुळशीचं पान?"

सकाळी डबा भरण्याआधी मी नैवेद्य दाखवते. हल्ली हे तेव्हा फोन घेऊन देवघरापाशी येतात, क्षणभर थांबतात. मला वाटायचं, दुखण्याने का होईना, हात जोडायला लागले.

डॉक्टरांनी फोन यांच्यापुढे ठेवला. "हे कोण जेवतं?"

हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "देव."