मागच्या स्पीकरचे डबे

कारमध्ये म्युझिक बसवणाऱ्या दुकानात दोन गोष्टी कधी फेकल्या जात नाहीत: वायरीचे तुकडे आणि गिऱ्हाइकांचे किस्से. तुमसरच्या आमच्या दुकानात दोन्हींचा ढीग आहे. वायरिंग माझं, कान शालिकभाऊचा. शालिकभाऊ माझा पार्टनर. नुसतं ऐकून दाराचा कोणता स्क्रू ढिला आहे ते सांगायचा. लोक त्या कानासाठीच यायचे. आवाज आला नाही की त्याचं एकच वाक्य, "पहिले वायर पाहा!"

*

डिक्कीत बेसचा मोठा स्पीकर, म्हणजे वूफर, बसवला की त्याची हवा मागच्या काचेखालच्या स्पीकरना पाठीमागून धडका मारते. त्यांचा कागदी पडदा फाटतो. म्हणून डिक्कीच्या बाजूने त्यांच्या पाठीवर मजबूत डबा बसवायचा. पहिल्या गाडीला शालिकभाऊने घरचे लोणच्याचे डबे रिकामे करून लावले. वहिनी आठ दिवस बोलल्या नाहीत!

आणि गिऱ्हाईक काय म्हणतं? "डिक्कीत कोण पाहते जी? त्यापरीस निळी लाईट लावा!"

*

सिहोऱ्याचा एक जण डबे न लावता गेला आणि आठव्या दिवशी भांडायला आला. "डुप्लिकेट स्पीकर देले तुम्ही!"

शालिकभाऊने मागच्या स्पीकरची वायरच काढली. त्याच्या कागदी पडद्यावर चार दाणे धान ठेवले आणि फक्त वूफर चालू केला. दाणे टणाटण उडायला लागले.

"वायर नाई, तरी उडून राहिले. आता समजलं का?"

"समजलं! म्हणजे बिना वायरचा बी चालते. मंग वायरचे पैसे कायले घेतले?"

असल्या माणसाला काय समजावायचं!

*

आसगावच्या एकाने मात्र ऐकलं. डबे लावले आणि खूश होऊन गेला. पुढच्या महिन्यात आला तर दोन्ही स्पीकर फाटलेले, डबे गायब, डिक्कीत मासोळीचा वास.

"डबे कुठं गेले जी?"

"बाजारात. दोन्ही एकाच मापाचे हायेत ना भाऊ, मासोळीचे वाटे घालाले लय बरे पडतात!"

शालिकभाऊ हसला नाही. त्याने त्याच मापाचे दोन डबे पुन्हा बसवले. म्हणाला, "स्पीकरची काय चूक?"

*

आता हे सांगताना माझाच मला राग येतो. प्रत्येक गाडी झाली की शालिकभाऊ मागच्या सीटवर बसायचा, काचा बंद, आवाज फुल्ल. वर्षानुवर्षं, दिवसातून तीन-चार गाड्या. मी एकदाच म्हटलं होतं, "भाऊ, टेस्टिंगच्या वेळी कानात कापूस घालत जा."

"कान झाकून कानाचं काम कसं करू?"

मला वायरिंगची घाई होती.

मग मागच्या वर्षी एक गिऱ्हाईक बाहेर उभं राहून कानावर हात ठेवत होतं, आणि आतून शालिकभाऊ मला ओरडत होता, "वाढव ना, काहून लाजून राहिला!" गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊले बेस समजते!" आंधळगावहून माणसं यायला लागली ती याच कीर्तीवर. मी वाढवत गेलो. कान गेला तर दुकान गेलं, हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच मी कुणाला काही बोललो नाही.

*

शेवटी वहिनींनी त्याला जबरदस्तीने भंडाऱ्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. मी सोबत होतो. काचेच्या लहानशा खोलीत त्याला बसवलं, हेडफोन लावले, हातात बटण दिलं. तिथल्या मॅडमनी खुणेने समजावलं: आवाज आला की दाबायचं.

तो एकदम सावध बसला. दुकानात बसायचा तसाच, मान थोडी वाकडी करून. बराच वेळ गेला. त्याने बटणावरचा अंगठा हलवला नाही. मग काचेतून मॅडमकडे पाहून मोठ्यांदा विचारलं, "चालू केव्हा करता जी?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "टेस्ट झाली," त्या म्हणाल्या.

आत शालिकभाऊने हेडफोन काढला होता आणि तो त्याची वायर तपासत होता.