बावीस पायऱ्या

आप्पा दुर्बीण आधी हुंगायचे. कुणी कितीही लांबून आणलेली असो, नळीच्या मागच्या तोंडाशी नाक न्यायचे, डोळे मिटायचे आणि मगच बोलायचे. जुन्या जर्मन दुर्बिणीतल्या ग्रीसला आणि तिच्या पेटीतल्या मखमलीला एक वास असतो, तो नक्कल करणाऱ्याला काही केल्या जमत नाही, असं त्यांचं म्हणणं. मोबाइलवर फोटो पाठवून 'ही अस्सल आहे का' म्हणून विचारणाऱ्यांना त्यांचं ठरलेलं उत्तर असे. "फोटोला वास येत न्हाय. घिऊन या."

कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचं लेथचं लहानसं वर्कशॉप होतं. जुन्या दुर्बिणी पारखायच्या, जमल्या तर विकत घ्यायच्या, हा त्यांचा नाद. वरच्या दोन खोल्यांत ते आणि काकी राहायचे. मूलबाळ नव्हतं. मी कागलच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. शाळेच्या कपाटात सापडलेली, जर्मन अक्षरं कोरलेली दुर्बीण घेऊन मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी ती हुंगली, आटे उघडून पाहिले आणि परत माझ्या हातात दिली. "बाई, ही फुलदाणी हाय. झेंडू झ्याक दिसंल हिच्यात." माझा चेहरा पडलेला पाहून त्यांनीच चहा मागवला आणि खरी कशी असते ते दाखवायला मला गच्चीवर नेलं. त्यानंतर माझा दर रविवार त्यांच्या गच्चीवर गेला.

गच्चीवरून पार लांब एक पाण्याची टाकी दिसायची, तिला लोखंडी शिडी होती. आप्पांची परीक्षा म्हणजे ती शिडी. "पायऱ्या मोजा," म्हणायचे. साध्या दुर्बिणीतून दहाबारा मोजून होईतो बाकीच्या एकमेकीत मिसळायच्या. चांगल्या जर्मन भिंगातून बावीसच्या बावीस सुट्या दिसायच्या. विकणारा काय सांगतो, नळीवर काय कोरलंय, पेटीवर कुणाचं नाव आहे, यातलं काहीही आप्पा धरून चालत नसत. "माणूस खोटं बोलंल. काच बोलत न्हाय."

स्वतः मात्र ते इतके खरं बोलायचे की सौदा हातचा जायची पाळी यायची. इचलकरंजीच्या एका म्हाताऱ्या हातमागवाल्याकडे मी त्यांच्याबरोबर गेले होते. त्याच्या माळ्यावर एक मोठी दुर्बीण पडून होती आणि तिचं डोळ्याकडचं भिंग काढून तो रोज कापडातले धागे मोजायचा. आप्पांनी नळी हुंगली आणि घाम पुसला. मी डोळ्यांनी खुणावत होते, तरी त्यांनी सांगून टाकलं, "पावणं, अस्सल हाय. येड्यासारखी कुणाला दिऊ नका." म्हाताऱ्याने मग ती त्यांनाच दिली, पण धागे मोजायचं भिंग काही त्याच्याने सोडवेना. आप्पांनीही मागितलं नाही. दुसरं भिंग आणून त्याची पितळी बैठक त्यांनी आपल्या लेथवर कातली. बाकीच्या दुर्बिणी आल्या आणि गेल्या, ही तेवढी त्यांनी ठेवली.

त्यांचा एकच नियम कडक होता. पुढची काच पुसायची नाही. धूळ बसली तर बसू द्यायची. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. खंडेनवमीला लेथ, पाने, व्हर्निअर सगळं घासूनपुसून पूजेला मांडायचे, पण दुर्बिणीला फक्त एक फूल.

त्या वर्षी खंडेनवमीला आप्पा मिरजेला दवाखान्यात होते, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. मोतीबिंदू फार पिकला होता आणि दिसेलच असा शब्द डॉक्टर देत नव्हते. पूजा काकीने आणि मी केली. काकीने नळी चिंचेने लख्ख घासली, पुढचं भिंग फिरवून काढलं आणि पुसायला माझ्या हातात दिलं. मला नियम ठाऊक होता. पण ते परत येऊन पहिल्यांदा बघतील तेव्हा सगळं स्वच्छ दिसावं, असं मला फार वाटलं. बैठकीतून दोन काचा निघाल्या. साबणाच्या पाण्याने मी त्या धुतल्या, मऊ फडक्याने पुसल्या आणि परत बसवल्या.

पट्टी निघाल्यावर आप्पा काठी टेकत गच्चीवर आले. काकी खाली चहा टाकत होती. त्यांनी सवयीने नळी हुंगली आणि हसले. "चिंच लावली व्हय? लावू दे. काचंला हात लावला न्हाय न्हवं?"

मी म्हणाले, "नाही आप्पा."

त्यांनी डोळा लावला. बराच वेळ नुसता फोकसचा स्क्रू फिरवत राहिले. मग टोपण लावलं आणि म्हणाले, "एक बी पायरी न्हाय. गेला डोळा." मी तेव्हाच डोळा लावून बघायला हवं होतं. माझा धीर झाला नाही.

डॉक्टर सांगत होते, डोळा उत्तम आहे. आप्पा पेपर वाचायचे. काकी म्हणायची, "सुईत दोरा ओवून देताय की मला." ते म्हणायचे, "सुई जवळ असती." डॉक्टरपेक्षा त्यांचा काचेवर विश्वास. दुर्बीण घेऊन येणाऱ्यांना ते दारातूनच परत पाठवू लागले. गच्चीवर पुन्हा चढले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात झोपेतच गेले.

दिवसकार्य झाल्यावर काकीने मला दुर्बीण आणि त्यांची वही दिली. प्रत्येक दुर्बिणीची ओळख त्यांनी तिच्यात लिहून ठेवली होती. इचलकरंजीच्या पानावर लिहिलं होतं: 'दोन्ही काचांच्या कडेला पेन्सिलची खूण. कारागिराने केलेली. खुणा जुळल्या तरच दिसते. पुसली तर गेली.'

मी भिंग उघडलं. कडेला खूण नव्हती. सगळी दुपार मी त्या काचा उलटसुलट बसवत, थोड्या थोड्या फिरवत राहिले. उन्हं कलताना शिडी सुटी झाली. मी मोजल्या. बावीस होत्या.

काकी वाळलेले कपडे काढायला वर आली. मला रडू आवरेना. "काकी, आप्पांचा डोळा चांगला होता. काच मी उलटी बसवली होती. आणि त्यांनी विचारलं तेव्हा खोटं बोलले."

काकी कपडे छातीशी धरून उभी राहिली. टाकीकडे बघत होती. तिकडेच बघत म्हणाली, "पुसाय मीच दिलती की तुमच्या हातात."