पडदा ओढते हं

आमची आत्या नर्स होती. वॉर्डात सगळे सिस्टर म्हणायचे, आणि चिडले की बाबाही सख्ख्या बहिणीला "या सिस्टरबाई" म्हणायचे. हात लावायच्या आधी ती पेशंटला सांगायची, आता कूस बदलते हं, जरा गार लागेल. शुद्धीत नसलेल्यालाही सांगायची. कुणाला रडायचं असलं, मनातलं बोलायचं असलं की खाटेभोवतीचा पडदा सर्रकन ओढायची आणि स्टुलावर बसून ऐकायची. ऐकलेलं बाहेर यायचं नाही. शेजारणी खोदून खोदून विचारायच्या, अमक्याची सून दवाखान्यात कशाला आलेली. आत्या म्हणायची, तिलाच विचारा, तिला तोंड आहे. हिच्या पोटात विहीर आहे, पडलेलं वर येत नाही, असं सगळ्या म्हणायच्या.

आई आजारी पडली ती आत्याच्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर. बाबा तिथून हलायचे नाहीत. एका दुपारी आई आत्याला म्हणाली, यांना जरा चहाला पाठवा. बाबा गेले. परत आले तर पडदा ओढलेला, आत आईचा आवाज, अगदी हळू, शब्द कळेना. बाबा बाहेरच उभे राहिले. संध्याकाळी आई गेली.

सगळे पांगल्यावर बाबांनी आत्याला विचारलं, काय म्हणाली. बाबा आईला जन्मभर टाकून बोलत आले होते. ती मनात राग धरून गेली का, हाच किडा त्यांना पोखरत होता.

"दादा, ते तिनं माझ्यापाशी ठेवलंय," आत्या म्हणाली.

"माझी बायको होती ती."

"होती ना. पण बोलणं तिचं होतं."

रागावलेली का, एवढं तरी सांग म्हणाले. आत्या रडली, पण हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. घरातले पडदेही काढले, कड्या वाजल्या की आई आत बोलतेय असं वाटतं म्हणायचे. आत्या यायची तेव्हा बाबा भिंतीला सांगायचे, हिला म्हणावं जेवून जा. आत्याही भिंतीलाच सांगायची, जेवून आलेय म्हणावं.

मग आत्याच आजारी पडली. तोच वॉर्ड, तीच खिडकीजवळची खाट. बाबा जाऊन बसले. तापात तिला काही उमजत नव्हतं. दुपारी तिनं हात हवेत उचलला, कड्या ओढल्यासारखा.

"वहिनी, पडदा ओढते हं. आता बोला."

आणि ऐकत राहिली. मान हलवत होती, मधेच हसली. बाबांना काहीच ऐकू येईना. ते तिच्या तोंडापाशी वाकले. आता विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, तिला भान कुठं होतं. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा.

"थांबा वहिनी," आत्या म्हणाली, "दादा आला वाटतं."

आणि सरळ बाबांकडे बघितलं.

बाबा उठले. खाटेचा पडदा स्वतःच्या हातानं ओढला आणि चहाला गेले.

परत आले तर पडदा तसाच होता. बाबा बाहेर उभे राहिले. म्हणाले, "येऊ का गं आत?" आत कुणी बोलत नव्हतं. तरी ते थांबले, नर्स येऊन आत्या गेल्याचं सांगेपर्यंत.

घरात पडदे अजून नाहीत. पण कधीकधी दुपारी कड्या वाजतात, असं बाबा म्हणतात. मग चपला घालून चहाला बाहेर जातात, आणि येताना उघड्या दारातही थांबून विचारतात, येऊ का.